भाषा एका राज्याची, नियम दुसऱ्या राज्याचे: सीमाभागातील एका माहिती पोर्टलच्या आखणीचे प्रकरण

पार्श्वभूमी

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी तालुक्यांत काम करणाऱ्या पाच स्वयंसेवी संस्थांनी २०२३ च्या अखेरीस मिळून एक मराठी माहिती पोर्टल काढायचे ठरवले. दारिद्र्य, आरोग्य, स्त्रियांचे हक्क, बालमजुरी, स्थलांतर, हवामान बदल या प्रश्नांवर जगभर भरपूर लिहिले जाते. त्यातले कामाचे साहित्य निवडून, त्याचा मराठी गोषवारा देऊन, मूळ दस्तऐवजापर्यंत वाट दाखवायची, असा बेत होता. वाचक डोळ्यांसमोर होते: आशा, अंगणवाडी सेविका, मराठी शाळांतले शिक्षक, स्त्री शक्ती संघांच्या (कर्नाटकातल्या महिला बचत गटांच्या) प्रतिनिधी, ग्रामपंचायत सदस्य आणि संस्थांचेच गावपातळीवरचे कार्यकर्ते. संस्थांची नावे येथे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पैसे दोन वर्षांचे होते. त्यात एक पूर्णवेळ समन्वयक, दोन अर्धवेळ संपादक आणि कामापुरता एक प्रोग्रामर बसत होता. प्रस्तावात मात्र ‘पहिल्या वर्षात एक हजार नोंदी, १७ शाश्वत विकास उद्दिष्टांनुसार वर्गवारी’ असे लिहून झाले होते; ही उद्दिष्टे संयुक्त राष्ट्रांनी सगळ्या देशांसाठी ठरवलेली. प्रस्तावात आकडा गोल असला की बरा दिसतो. तो कोण सांभाळणार, हा हिशोब त्या वेळी कोणी मांडला नव्हता.

अडचण

चाचणीसाठी चाळीसेक नोंदी तयार करून त्या कार्यकर्त्यांच्या हातात दिल्या, तेव्हा खरी अडचण वर आली. आंतरराष्ट्रीय साहित्य इंग्रजीत, राज्य सरकारचे आदेश कन्नडमध्ये, आणि इंटरनेटवर मराठीत जे सापडते ते बहुतेक सगळे महाराष्ट्राचे. सीमाभागातला वाचक मराठीत शोधतो आणि त्याला शेजारच्या राज्याचा नियम मिळतो. तो चुकीचा नसतो, फक्त त्याला लागू नसतो. त्यामुळे घोटाळा वाचताना लक्षात येत नाही, कचेरीच्या खिडकीशी गेल्यावर येतो.

रोजगार हमीचेच घ्या. २०२४-२५ साठी केंद्राने जाहीर केलेली मजुरी कर्नाटकात रोज ३४९ रुपये होती, महाराष्ट्रात २९७. मराठीत ‘रोजगार हमी मजुरी दर’ शोधले की वर २९७ येत होते. खानापूर तालुक्यातली एखादी बाई तोच आकडा मनात धरून बसली, तर मजुरी कमी मिळाली तरी तिला ती बरोबरच वाटणार.

लाडकी बहीण योजनेने उलट्या बाजूने गोंधळ घातला. महिना १५०० रुपयांची ही योजना महाराष्ट्राच्या रहिवासी स्त्रियांसाठी. कोल्हापूरच्या बातम्या बेळगावात रोज वाचल्या आणि पाहिल्या जातात, त्यामुळे अर्ज कुठे भरायचा अशी विचारणा चहूकडून सुरू झाली. कर्नाटकात त्याच काळात गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख असलेल्या स्त्रीला मिळत होते. आणि यातही एक मेख होती. सीमेच्या दोन्ही बाजूंनी सोयरिकी होतात. बेळगाव तालुक्यात जन्मलेली मुलगी चंदगडला दिली असेल, तर महाराष्ट्रात अधिवास असलेल्या नवऱ्याच्या कागदपत्रांवर तिला लाडकी बहीण योजनेत अर्ज करता येत होता. चंदगडची मुलगी इकडे आली असेल, तर तिचा संबंध गृहलक्ष्मीशी. म्हणजे ‘मराठी वाचकासाठी’ असा एकच नियम लिहिताच येत नव्हता.

कचेऱ्यांची नावेही जुळत नव्हती. महाराष्ट्रातल्या पुस्तिकेत ‘ग्रामसेवकाकडे अर्ज द्या, पंचायत समितीत पाठपुरावा करा’ असे असते. येथे अर्ज पीडीओकडे (पंचायत विकास अधिकाऱ्याकडे) जातो आणि पाठपुरावा तालुका पंचायतीत होतो. शाळेत शाळा व्यवस्थापन समितीऐवजी एसडीएमसी (शाळा विकास व देखरेख समिती). जमिनीला सातबाराऐवजी आरटीसी उतारा, आणि त्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत. आंतरराष्ट्रीय विषयाचा उत्तम गोषवारा दिला आणि शेवटी ‘कोणाकडे जायचे’ या ओळीत पंचायत समिती लिहिली, तर वरचे सगळे वाया.

समोरचे पर्याय

चार पर्याय चर्चेत आले. पहिला, प्रस्तावातले मोठे पोर्टल. जागतिक बँकेच्या पुढाकाराने २००१ मध्ये सुरू झालेल्या डेव्हलपमेंट गेटवे या विकासविषयक जागतिक माहिती पोर्टलचे उदाहरण त्यासाठी दिले गेले. पण त्या उपक्रमावर सुरुवातीलाच जी टीका झाली ती येथेही लागू पडत होती: सगळ्या जगाच्या विकासाचे एकच दार केले, तर त्यातून काय आत जायचे हे ठरवणारा कोण? दुसरा, पोर्टलच नको, नुसता व्हॉट्सॲप गट. वाचक तिथेच होते, खर्च शून्य. पण महिन्यापूर्वीचा संदेश गर्दीत सापडणे कठीण आणि चुकलेला संदेश एकदा पुढे गेला की मागे घेता येत नाही. तिसरा, विकासपीडियासारख्या आधीच चालू असलेल्या बहुभाषिक सरकारी संकेतस्थळाचा आणि मराठी विकिपीडियाचा आधार घेऊन तिथेच भर घालायची. चौथा, छोटे पोर्टल: मोजक्या नोंदी, प्रत्येकीवर ती कोणाला लागू आहे याचा शिक्का, आणि तपासणीची ठरलेली तारीख.

निवड चौथ्याची झाली, तिसऱ्याचा अर्धा भाग घेऊन. योजनांची सर्वसाधारण ओळख स्वतः लिहायची नाही, तिथे दुवा द्यायचा. स्वतः लिहायचे ते फक्त ‘येथे हे कसे लागू होते’.

निर्णय १: किती नोंदी झेपतील

हा हिशोब प्रस्तावाआधी व्हायला हवा होता. नोंदी तीन प्रकारांत विभागल्या. दर, रक्कम, पात्रता असलेल्या नोंदी तीन महिन्यांनी तपासायच्या. अर्जाची पद्धत सांगणाऱ्या सहा महिन्यांनी. करार, संकल्पना, आंतरराष्ट्रीय पार्श्वभूमीच्या दोन वर्षांनी. एका फेरतपासणीला सरासरी २५ मिनिटे धरली: मूळ कागद उघडणे, बदल पाहणे, दुवा चालतो का बघणे, तारीख पुढे करणे.

एक हजार नोंदींत २५० दरांच्या, ५०० पद्धतीच्या, २५० पार्श्वभूमीच्या धरल्या, तर वर्षाला १००० अधिक १००० अधिक १२५, म्हणजे २१२५ तपासण्या. आठवड्याला ४१, म्हणजे सतरा तास. एका अर्धवेळ संपादकाचा जवळजवळ सगळा आठवडा जुने जपण्यातच जाणार. २४० नोंदी (६०, १२०, ६०) ठेवल्या तर वर्षाला ५१० तपासण्या, आठवड्याला दहा, चारएक तास. कमाल २४० ठरली. देणगीदाराला हेच गणित कागदावर दाखवले, आणि हजाराचा आग्रह सुटला.

मुदत उलटलेल्या नोंदीचे काय करायचे, यावर बराच खल झाला. काढून टाकली तर जुना दुवा ज्याच्याकडे आहे तो अडतो. तशीच ठेवली तर धोका. शेवटी असे ठरले: तारीख उलटली की पानावर ‘तपासणी बाकी’ अशी पट्टी आपोआप लागेल आणि रुपयांचे आकडे झाकले जातील, बाकी मजकूर आणि मूळ कागदाचा दुवा राहील. प्रोग्रामरला हे करायला फारसे लागले नाही, कारण पाने रोज रात्री नव्याने तयार होत होती.

निर्णय २: लागू कोणाला

प्रत्येक नोंदीत दोन वेगळ्या चौकटी केल्या: ‘नियम कोणाचा’ आणि ‘कुठे राहणाऱ्याला लागू’. आधीच्या आराखड्यात ‘राज्य’ अशी एकच चौकट होती. ती अपुरी पडते हे एका योजनेने दाखवले. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना कर्नाटकातल्या ८६५ सीमावर्ती गावांना लागू करायचे ठरवले. कर्नाटक सरकारने त्यावर आक्षेप घेतला. नियम महाराष्ट्राचा, राहणारा कर्नाटकातला. एका चौकटीत ही नोंद कुठेच बसत नव्हती.

ही नोंद ठेवावी की नाही, हाही प्रश्न होता. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि पोर्टलकडे कोणत्याही बाजूने संशयाने पाहिले गेले तर अंगणवाडी सेविका ते उघडपणे वापरणार नाहीत, अशी एका संस्थेची धास्ती होती. ती खोटी नव्हती. पण रुग्णाला लागणारी माहिती राजकारणाच्या भीतीने गाळणे इतरांना पटेना. नोंद ठेवली, तिच्यात फक्त कागदपत्रे, पद्धत आणि ‘गावाचे नाव यादीत असल्याची खात्री करूनच रुग्णालयात जा’ ही सूचना. आणखी दोन नियम याच बैठकीत झाले: पोर्टलवर नकाशा टाकायचा नाही, तालुक्यांची यादी द्यायची, आणि मजकुरात ‘बेळगाव’, पण कार्यालयाच्या किंवा फॉर्मच्या नावात छापले असेल तसे ‘बेळगावी’. नियम लेखी असल्यामुळे पुढे दर लेखामागे तोच वाद झाला नाही.

शिक्का कुठे लावायचा, ही गोष्ट बारीक वाटते, पण सगळी गंमत तिथेच होती. पहिल्या आराखड्यात ‘लागू: कर्नाटक’ पानाच्या तळाशी होते. वाचक दराच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढून पुढे पाठवतात आणि तळ कापला जातो. म्हणून आकडा कधीच एकटा लिहायचा नाही असे ठरले. ‘₹३४९ (कर्नाटक, २०२४-२५)’ हे एकाच ओळीत, मध्ये ओळ तुटू नये अशा न तुटणाऱ्या मोकळ्या जागेसह.

निर्णय ३: उद्दिष्टांची रचना की प्रश्नांची

१७ उद्दिष्टे आणि १६९ लक्ष्ये ही रचना अहवालांसाठी ठीक आहे. कोपनहेगनच्या १९९५ च्या सामाजिक विकास शिखर परिषदेचे तीन विषय, म्हणजे दारिद्र्य निर्मूलन, रोजगार आणि सामाजिक एकात्मता, त्याहून सुटसुटीत. पण तेही येथल्या वाचकाच्या डोक्यात नाहीत. निपाणीच्या विड्यांच्या विषयावर हे तपासून पाहिले.

निपाणी तंबाखूची बाजारपेठ, आणि आसपास घरोघरी बायका विड्या वळतात. या एका विषयात आरोग्य आहे (उद्दिष्ट ३), स्त्रियांची कमाई आहे (५), कामाच्या अटी आहेत (८). उद्दिष्टांच्या रचनेत तो तीन ठिकाणी तुटतो. म्हणून दर्शनी रचना प्रश्नांची केली: काम आणि मजुरी, रेशन आणि पैसे, जमीन आणि पाणी, आजार आणि उपचार, शाळा, बाईचे हक्क. उद्दिष्टांचे क्रमांक मागच्या बाजूला टॅग म्हणून राहिले. वार्षिक अहवालात देणगीदाराला त्यावरून तक्ता मिळतो.

विडीच्या पानावरून दोन संस्थांत जुंपली. एक विडी कामगारांत काम करणारी, दुसरी व्यसनमुक्तीत. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २००५ मध्ये अमलात आला, भारताने तो २००४ मध्येच मान्य केला होता, आणि उद्दिष्ट ३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीचे वेगळे लक्ष्यही आहे. व्यसनमुक्तीवाल्यांना पान तिथेच संपवायचे होते. पण त्याच कराराचे कलम १७ तंबाखू कामगार आणि उत्पादकांना परवडणारा दुसरा रोजगार मिळण्याविषयी आहे, कलम १८ लागवड आणि उत्पादनातल्या लोकांच्या आरोग्याविषयी. शिवाय घरी बसून मजुरीचे काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९९६ चा करार, क्रमांक १७७, भारताने मान्य केलेला नाही. हे सगळे एका पानावर आले. ‘करार काय म्हणतो’, ‘भारताने काय मान्य केले’, ‘येथे कुठे दिसते’, ‘कोणाकडे जायचे’ या चार मथळ्यांत, सगळे मिळून चारशे शब्द. हाच पुढे सगळ्या जागतिक विषयांचा साचा झाला, आणि तो चांगला आहे.

निर्णय ४: शोध चालत का नव्हता

संपादकांना दिसणारी नोंद वाचकांना शोधात सापडत नाही, अशी तक्रार चाचणीतच आली. कारण अक्षरांत होते. ‘शेतकऱ्यांना’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर, हलन्त आणि ‘य’ देतात. काही ‘र’, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि ‘य’. पडद्यावर दोन्ही सारखेच. संगणकाला ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण, म्हणजे एनएफसी, हे दोन एकत्र करत नाही.

प्रोग्रामरने आधी सगळी अदृश्य चिन्हे पुसून टाकली. त्याने उलटेच झाले: दुसऱ्या प्रकारात ‘ऱ्या’चा रफार होऊन ‘र्या’ झाले. योग्य क्रम असा: आधी ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या तिकडीचे ‘ऱ, हलन्त’ करायचे, मग उरलेली अदृश्य चिन्हे काढायची. हे नोंद साठवताना आणि शोध घेताना, दोन्ही वेळा. ‘ॲप’मधल्या ‘ॲ’चेही तसेच, तो एक अक्षर म्हणून किंवा ‘अ’वर चंद्र देऊन येतो. देवनागरी आणि रोमन आकडेही एकच मानावे लागले.

सामान्यरूपांचे कोडे मात्र यंत्राने सुटले नाही. ‘विडी’ शोधणाऱ्याला ‘विड्यांचा’ सापडत नाही. त्यावर स्वस्त उपाय केला: प्रत्येक नोंदीत दहा-पंधरा शोधशब्द हाताने भरायचे, त्यांत बोलीतली रूपे, महाराष्ट्रातले समांतर नाव आणि रोमन लिपीतले स्पेलिंगही. ‘सातबारा’ शोधले तरी आरटीसीचे पान यायला हवे. कचेरीतल्या फॉर्मवर छापलेले कन्नड नाव देवनागरीतही दिले, जसे शिधापत्रिकेला ‘पडितर चीटी’, म्हणजे काउंटरवर कोणता कागद मागतात ते कळते.

सरकारी कन्नड पीडीएफांपैकी अनेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होत्या. मजकूर कॉपी केला की नुसती अगम्य चिन्हे. त्या माणसाने वाचूनच उतरवाव्या लागल्या. यांत्रिक भाषांतर कच्चा अंदाज घ्यायला चालले, पण आकडे, मुदती आणि ‘वगळून’, ‘शिवाय’ असले शब्द दोघांनी मूळ कन्नडशी ताडून पाहिल्याशिवाय नोंद बाहेर जायची नाही, हा नियम शेवटपर्यंत पाळला गेला.

वेग आणि हक्क

जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला रेंज जेमतेम, म्हणून पानाची कमाल ६० केबी. वेगळा फाँट घेतला नाही, फोनमधलाच देवनागरी वापरला. प्रत्येक पीडीएफच्या दुव्याशेजारी तिचा आकार लिहिला आणि प्रत्येक नोंद एका ए-फोर कागदावर छापून निघेल अशी ठेवली. वाचकांचे फोन नंबर घेतले नाहीत. ते सांभाळण्याची जबाबदारी नकोच होती.

हक्कांची बाजू अगोदर पाहिली हे बरे झाले. राजपत्रातल्या मजकुराला १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते, पण ती विभागांच्या पुस्तिका-पोस्टरना आपोआप लागू होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची अलीकडची प्रकाशने अव्यावसायिक वापरासाठी खुली असतात. भाषांतर संघटनेने केलेले नाही अशी ओळ द्यावी लागते आणि तिचे बोधचिन्ह वापरता येत नाही. याच अव्यावसायिक अटीमुळे पानांवर जाहिराती घेऊन खर्च भागवायचा विचार सोडावा लागला.

काय घडले

पोर्टल २०२४ च्या अखेरीस सव्वाशेच्या आसपास नोंदींनी सुरू झाले आणि वर्षभरात दोनशेच्या जवळ गेले. दर, कागद आणि कचेऱ्यांच्या नोंदी सर्वांत जास्त उघडल्या गेल्या, आणि त्यासुद्धा मुखपृष्ठावरून थोड्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यांवरून जास्त. जागतिक विषयांची पाने एकट्याने वाचणारे कमी निघाले; ती प्रशिक्षणांत छापून वापरली गेली. शिक्षकांना हवामान बदलाचे पान हवे होते, पण त्यात २०१९ च्या ऑगस्टमधल्या कृष्णा-घटप्रभेच्या पुराचा भाग पहिल्या परिच्छेदात आणल्यावरच ते वर्गात चालले.

‘तपासणी बाकी’ची पट्टी अपेक्षेपेक्षा लवकर दिसू लागली. एक संपादक काही काळ रजेवर गेल्यावर दरांच्या बऱ्याच नोंदींचे आकडे झाकले गेले आणि कार्यकर्त्यांनी फोन करून विचारले. यंत्रणा ठरल्याप्रमाणेच चालली होती. तरी बदली माणूस ठरवलेला नसणे ही आखणीतली उणीवच.

काय वेगळे करता येईल

फेरतपासणी फक्त तारखेवर टांगली, हे अपुरे होते. केंद्राच्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला अमलात आल्या आणि १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा त्यांच्यात विलीन झाला. विडीच्या पानाची पुढची तपासणी त्यानंतर वर्षभराने होती, कारण ते ‘पार्श्वभूमी’त मोडत होते. कायद्याचे नाव असलेल्या प्रत्येक नोंदीला त्या कायद्याचा टॅग हवा, म्हणजे कायदा बदलला की त्याची सगळी पाने एकदम पट्टीखाली येतील. हा टॅग सुरुवातीला काही तासांचे काम होते. आता दोनशे नोंदी उघडून लावावा लागत आहे.

चाळीस नोंदींची चाचणी आराखड्याआधी केली असती, तर ‘राज्य’ची एक चौकट मोडून दोन करताना जुन्या नोंदी पुन्हा भराव्या लागल्या नसत्या. कन्नड वाचणारा संपादक पहिल्यापासून दोघांपैकी एक हवा होता. येथे तो नंतर, शोधून आणावा लागला. सीमाभागात दोन्ही भाषा वाचणारी तरुण मुले पुष्कळ आहेत, जाहिरातीत फक्त ‘उत्तम मराठी’ मागितल्यामुळे ती आली नाहीत.

निधी संपत आल्यावर विषय वाटून घेतले गेले. काम-मजुरी, आरोग्य आणि शाळा हे विभाग तीन संस्थांनी आपापल्या खर्चाने घेतले, आठवड्याला दीड-दोन तास एवढ्याच बोलीवर. जमीन-पाण्याचा विभाग कोणी घेतला नाही. त्यात नवी नोंद होणार नाही, आहेत त्यांवर मुदत उलटेल तशी पट्टी चढत जाईल, आणि पाने तशीच उघडी राहतील असे ठरले आहे.